आदिवासी विकास विभाग : डोंगरातील पाड्यापासून खडकीपर्यंत

खडकी म्हटले की ५ नोव्हेंबर १८१७ ची लढाई, १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना आणि लष्करी छावणीचे सरळ रस्ते डोळ्यांपुढे येतात. आदिवासी कल्याणाच्या विषयाशी या वस्तीची सांगड सहसा कोणी घालीत नाही. तथापि भीमाशंकरच्या आणि जुन्नरच्या डोंगरातून उतरून पुणे व पिंपरी-चिंचवडच्या परिसरात रोजगारासाठी स्थिरावलेल्या महादेव कोळी व ठाकर कुटुंबांची संख्या थोडी नाही. खडकीसारख्या ठिकाणी वाढलेल्या त्यांच्या मुलाने डोंगरातील पाडा केवळ सुटीत पाहिलेला असतो. अशा मुलापर्यंत शासनाचा आदिवासी विकास विभाग कसा पोहोचतो, हे समजून घेण्यासाठी या विभागाची घडण प्रथम पाहिली पाहिजे.

राज्यघटनेच्या ४६ व्या अनुच्छेदाने अनुसूचित जमातींच्या शैक्षणिक व आर्थिक हितसंवर्धनाची आणि शोषणापासून संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. महाराष्ट्रात हे कार्य आरंभी समाजकल्याण खात्याकडे होते. १९७२ मध्ये त्याच खात्यात आदिवासी कल्याणाचे स्वतंत्र संचालनालय निघाले, १९७६ मध्ये आदिवासी विकास आयुक्तालय आले आणि २२ एप्रिल १९८३ रोजी स्वतंत्र आदिवासी विकास विभाग निर्माण करण्यात आला. पुढे १९९२ मध्ये संचालनालय आयुक्तालयात विलीन झाले. आयुक्तांचे कार्यालय नाशिक येथे असून नाशिक, ठाणे, अमरावती व नागपूर येथे अपर आयुक्त आहेत. त्यांच्या हाताखाली एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये काम करतात. पुणे जिल्ह्याचे प्रकल्प कार्यालय पुणे शहरात नसून आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे आहे. कार्यालय लोकांच्या जवळ असावे हा त्यामागील हेतू योग्यच होय. खडकीच्या पालकाला मात्र त्यासाठी एक दिवसाची मजुरी सोडावी लागते, हेही नमूद केले पाहिजे.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के आहे. योजनेतील पैसाही त्याच प्रमाणात त्यांच्याकडे वळला पाहिजे, हे तत्त्व आज स्वाभाविक वाटते. पण ते रूढ व्हायला वेळ लागला. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात आदिवासी उपयोजना सुरू झाली, तेव्हा प्रत्येक खाते आपल्या तरतुदीचा काही भाग आदिवासींसाठी म्हणून दाखवीत असे. एखादा मोठा रस्ता आदिवासी तालुक्यातून गेला की त्याचा खर्च उपयोजनेत मोजला जाई. द. म. सुखठणकर यांच्या समितीने हा क्रम उलटा करण्याची शिफारस केली. लोकसंख्येच्या प्रमाणातील रक्कम आधी बाजूला काढावी, ती आदिवासी विकास विभागाच्या हाती द्यावी आणि कोणत्या कामावर ती खर्च करायची हे त्या विभागाने ठरवावे, असा तिचा गाभा होता. १९९३-९४ पासून महाराष्ट्राने ही पद्धत स्वीकारली आणि इतर राज्यांत तिचा उल्लेख ‘महाराष्ट्राचा नमुना’ म्हणून होऊ लागला. २०१५ पासून उपयोजनेच्या निधीतील ५ टक्के रक्कम अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्यात येऊ लागली. तिचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा असल्यामुळे पंचायत सदस्यांवर मोठी जबाबदारी आली आहे.

विभागाची कामे दोन प्रकारची आहेत, आणि हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो. काही योजना क्षेत्राला लागू होतात. पुणे जिल्ह्यात आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागातील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. आश्रमशाळा, गरोदर मातांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेली अमृत आहार योजना, १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला मिळालेले अधिकार हे सारे मुख्यतः त्या भूमीशी निगडित आहे. आदिवासी विकास महामंडळाची स्थापना १९७२ मध्ये झाली. १९७६ च्या कायद्याने धान्य व वनोपजाच्या एकाधिकार खरेदीचे काम त्याच्याकडे आले. भीमाशंकर पट्ट्यात बाळहिरडा हे कुटुंबाचे हुकमी रोख उत्पन्न आहे. सरकारी काटा लागला तर व्यापाऱ्याला भाव पाडता येत नाही. काटा लागलाच नाही तर व्यापारी म्हणेल तो भाव. योजनेचे मोल हिरडा वेचणारी बाई याच काट्यावर पारखते.

दुसऱ्या प्रकारच्या योजना व्यक्तीला लागू होतात, मग ती कोठेही राहो. शिष्यवृत्ती, वसतिगृहे आणि राखीव जागा या त्यांत येतात. खडकीच्या मुलाचा संबंध प्रामुख्याने यांच्याशीच येतो. पुण्यासारख्या शहरात वसतिगृहांच्या जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या पडतात. म्हणून २०१६ मध्ये ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम्’ योजना निघाली. गावाहून शिकण्यासाठी आलेल्या व वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भोजन, निवास व इतर खर्चासाठी रक्कम जमा करण्याची ही पद्धत आहे. रोख रक्कम देण्याचा हा मार्ग सर्वांना मानवलाच असे नाही. २०१८ मध्ये वसतिगृहातील भोजनाऐवजीही पैसे देण्याचे ठरले, तेव्हा जुलै महिन्यात आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले. पैसे वेळेवर न आल्यास जेवायचे काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

या सर्व सवलतींचे दार एका कागदाने उघडते. तो कागद म्हणजे जमातीचे वैधता प्रमाणपत्र. पुण्याच्या क्वीन्स गार्डन भागात १९६२ मध्ये स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. जुन्नर तालुक्यातून आलेले आदिवासी जीवनाचे अभ्यासक डॉ. गोविंद गारे यांनी तिचे संचालकपद भूषविले होते. संस्थेचे संग्रहालय शाळांच्या सहलींना परिचित आहे. परंतु पालकांची पावले तिच्या आवारात वळतात ती बहुधा प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी.

पडताळणी एवढी काटेकोर का, असा प्रश्न सहज मनात येतो. नामसाधर्म्याचा लाभ घेऊन जे आदिवासी नाहीत त्यांनी राखीव जागा मिळविल्याची प्रकरणे मोठ्या संख्येने उघडकीस आली. कुमारी माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समिती व दक्षता पथकाची कार्यपद्धती घालून दिली. राज्याचा त्याविषयीचा कायदा ऑक्टोबर २००१ पासून अमलात आला. या कायद्यानुसार दावा सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे. अर्जदाराचे पूर्वज ६ सप्टेंबर १९५० रोजी, म्हणजे राष्ट्रपतींचा आदेश निघाला त्या दिवशी, कोठे राहत होते आणि त्यांची जमात कोणती होती, हे त्याने दाखवावयाचे असते.

अडचण येथेच आहे. ज्या पिढीचा पुरावा मागितला जातो, तिच्यातील फार थोड्यांनी शाळेची पायरी चढली होती. आजोबा शाळेत गेले असतील तर मास्तरांनी दाखल-खारीज रजिस्टरात ‘हिंदू कोळी’ एवढेच लिहिलेले आढळते. ‘महादेव’ हा शब्द लिहिण्याचे प्रयोजन त्यांना त्या वेळी वाटले नसावे. ‘ठाकर’ आणि ‘ठाकूर’ या नोंदींनीही असेच घोळ घातले आहेत. शाळेचा आधार नसला तर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, आणि जमिनीची जुनी कागदपत्रे शोधावी लागतात. कागद अपुरे पडले की दक्षता पथक कुटुंबाच्या चालीरीती, देवदेवता, लग्नविधी व बोली यांची चौकशी करते. कारखान्याच्या चाळीत वाढलेल्या तरुणाला कुलदैवताचा विधी तपशिलाने सांगता आला नाही, म्हणून तो आदिवासी नाही असे म्हणावे काय? महाराष्ट्रातील ठाकूर जमातीसंबंधीच्या प्रकरणात २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अशी आप्तभाव चाचणी हा एकमेव निर्णायक निकष मानता येणार नाही. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदोपत्री पुराव्याला अधिक महत्त्व आहे. वडील किंवा पितृकुळातील अन्य रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर चौकशीअंती मिळालेले वैधता प्रमाणपत्रही महत्त्वाचा पुरावा ठरते.

तेव्हा या कामाचा आरंभ क्वीन्स गार्डनमध्ये होत नाही; तो गावातील शाळेच्या कपाटात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात होतो. जुने रजिस्टर वाळवीच्या तोंडी गेले तर एका घराण्याचा दावाच अधांतरी राहतो. ज्या शाळांमध्ये १९५० पूर्वीची रजिस्टरे आहेत तेथील मुख्याध्यापकांनी ती कोरड्या जागी बांधून ठेवावीत आणि मागणी होताच उतारा द्यावा. नव्या प्रवेशाच्या वेळीही जमातीचे नाव पालकांच्या कागदावरून पूर्ण लिहावे, संक्षेप करू नये. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांचे अर्ज बारावीच्या वर्षी महाविद्यालयामार्फत समितीकडे जातात. वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी प्रवेशाची घाई सुरू झाल्यावर आजोबांचा दाखला शोधण्यासाठी डोंगर चढण्यापेक्षा, खडकीच्या पालकांनी दहावीच्या सुटीतच गावची एक खेप करणे सोयीचे पडते.