डोळे मिटून सराव

मार्च २०००. सिडनी ऑलिंपिक सहा महिन्यांवर आले होते आणि अमेरिकेची डायव्हर लॉरा विल्किन्सन हिच्या पायाची तीन हाडे सरावात मोडली. शस्त्रक्रिया करावी तर निवड चाचणी हुकणार, म्हणून तिने ती टाळली. पाय प्लास्टरमध्ये अडकला, पाण्यात उतरणे बंद झाले. तरीही ती तलावावर येत राहिली. प्लॅटफॉर्मवर चढून जायची आणि तिथे एकेक उडी मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत मारायची. हात वर नेणे, हवेतल्या कोलांट्या, पाणी नजरेस पडण्याचा क्षण, पाण्यात सरळ शिरणे, सगळे क्रमाने. प्लास्टर निघाल्यावरही पाय दुखत होता, इतका की शिडी चढण्यापुरता कायाकिंगचा बूट घालावा लागे. सप्टेंबरमध्ये सिडनीत दहा मीटर प्लॅटफॉर्मचे सुवर्णपदक तिने जिंकले. या प्रकारात अमेरिकन महिलेला त्याआधीचे सुवर्ण १९६४ मध्ये मिळाले होते.

एका खेळाडूच्या यशावरून शास्त्रीय निष्कर्ष निघत नाही. विल्किन्सनच्या गाठीशी वर्षानुवर्षांचा खरा सराव होता आणि जिद्दही होती. पण प्लॅटफॉर्मवर उभी राहून ती जे करत होती, त्याचा अभ्यास शास्त्रज्ञ जवळपास शंभर वर्षे करत आहेत. क्रीडामानसशास्त्रात त्याला मानसिक सराव म्हणतात.

शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९३० च्या सुमारास काही लोकांना निवांत झोपवून उजवा हात कोपरात वाकवल्याची कल्पना करायला सांगितले. हात जागचा हलला नाही, पण दंडाच्या स्नायूतून अगदी क्षीण विद्युत संकेत नोंदले गेले. पुढे फ्रान्समधल्या लियों शहरात मार्क जानरो आणि जाँ देसेती यांनी हा धागा पुढे नेला. डोळे बांधलेल्या माणसाला ठरावीक अंतर चालायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच वेळ त्याला ते अंतर मनात चालायलाही लागतो, असे त्यांना आढळले. मनात ट्रेडमिलवर वेगाने धावणाऱ्या माणसाच्या हृदयाचे ठोके आणि श्वासही वाढतात, आणि कल्पनेतला वेग वाढवला की तेही आणखी वाढतात.

याचा अर्थ असा, की हालचालीची कल्पना करताना मेंदू ती हालचाल आखण्याचीच यंत्रणा वापरतो. फक्त स्नायूंपर्यंत जाणारा शेवटचा हुकूम अडवून धरलेला असतो.

या यंत्रणेची सर्वांत हेलावून टाकणारी साक्ष खेळाच्या मैदानावर मिळाली नाही, ती रुग्णालयात मिळाली. २००६ मध्ये केंब्रिजचे एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीची तपासणी केली. मोटार अपघातानंतर ती कशालाच प्रतिसाद देत नव्हती, आणि तिला भान नाही असेच निदान झाले होते. एमआरआय यंत्रात तिला सांगण्यात आले, ‘तुम्ही टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा.’ निरोगी माणसाच्या मेंदूचा हालचाली आखणारा जो भाग अशा वेळी जागा होतो, तोच तिच्याही मेंदूत उजळला. घरातल्या खोल्यांमधून फिरण्याची कल्पना करायला सांगितल्यावर वेगळे भाग उजळले, आणि तेही निरोगी माणसांसारखेच. बोट हलवता न येणाऱ्या या तरुणीने ‘मला ऐकू येते आहे’ हे मनातल्या टेनिसमधून कळवले होते.

अशा कल्पनेने मेंदू नुसता जागा होत नाही, बदलतोही. न्यूरोलॉजिस्ट अल्वारो पास्कुआल-लिओन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेला पियानोचा प्रयोग या क्षेत्रातला बिनीचा मानला जातो. पियानो न येणाऱ्या लोकांना पाच बोटांचा एक सोपा धडा देण्यात आला. एका गटाने तो रोज दोन तास, पाच दिवस खरोखर वाजवला. दुसरा गट तेवढाच वेळ पियानोसमोर बसून बोटे न हलवता तो मनात वाजवत राहिला. बोटांना आदेश देणारा मेंदूतला पट्टा रोज चुंबकीय स्पंदनांनी तपासला गेला. दोन्ही गटांमध्ये तो जवळपास सारखाच विस्तारला होता. वाजवण्यात मात्र फरक राहिला. मनात वाजवणारे पाचव्या दिवशी तिथे पोहोचले, जिथे खरे वाजवणारे तिसऱ्याच दिवशी पोहोचले होते. पण त्यानंतर दोन तास प्रत्यक्ष वाजवायला मिळाल्यावर त्यांनी ही पिछाडी भरून काढली. या शेवटच्या दोन तासांत मानसिक सरावाचे खरे काम दिसते. हाताला जे शिकायचे आहे त्याची जमीन तो आधीच नांगरून ठेवतो.

ताकदीबद्दलचे निष्कर्ष आणखी चकित करणारे आहेत. १९९२ मध्ये आयोवा विद्यापीठातल्या गुआंग यू आणि केली कोल यांनी करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम निवडला. चार आठवडे प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ताकद ३० टक्के वाढली. नुसती कल्पना करणाऱ्यांची २२ टक्के वाढली, तर काहीच न करणाऱ्यांची जेमतेम चार टक्के. कल्पनेने स्नायू फुगत नाही. पण ताकद फक्त स्नायूच्या जाडीवर ठरत नाही. मेंदू स्नायूला किती जोराने आणि किती एकसाथ कामाला लावतो, यावरही ठरते. त्याच दुव्याचा इथे सराव होतो. ओहायो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांची मनगटे चार आठवडे प्लास्टरसारख्या वेष्टनात जखडून ठेवली. नुसते बसून राहिलेल्यांची मनगटातली ताकद सुमारे ४५ टक्के घटली. मनात मनगट जोराने आवळण्याचा नियमित सराव केलेल्यांची सुमारे २४ टक्केच घटली.

आता प्रश्न असा, की मनात नेमके काय पाहायचे?

अनेक जण इथेच चुकतात. व्यासपीठ, गळ्यातले पदक, टाळ्यांचा कडकडाट यांचे चित्र रंगवले की काम झाले, असे प्रेरणादायी भाषणांतून वारंवार ऐकू येते. प्रयोग वेगळे सांगतात. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लिएन फाम आणि शेली टेलर यांनी परीक्षा तोंडावर आलेल्या विद्यार्थ्यांचे गट केले. त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज पाच मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य पाहायचे होते. दुसऱ्या गटाने अभ्यासाला बसल्याचे दृश्य पाहायचे होते, म्हणजे कुठे बसलो, पुस्तक कसे उघडले, टिपणे कशी काढली. दुसऱ्या गटाने अभ्यासही जास्त केला आणि गुणही जास्त मिळवले. यशाचे दृश्य पाहणाऱ्यांनी पुस्तकासमोर कमी तास घालवले. जर्मनीत गॅब्रिएल ओटिंगेन यांनी नोकरीच्या शोधातल्या पदवीधरांचा दोन वर्षे मागोवा घेतला, तेव्हा हेच वेगळ्या रूपात समोर आले. नोकरी मिळाल्याची गोड स्वप्ने जास्त रंगवणाऱ्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकऱ्याही कमी मिळाल्या आणि पगारही कमी. गोड स्वप्नात मन ते यश आधीच उपभोगून मोकळे होते आणि धडपडीला लागणारी ऊर्जा ओसरते, असे ओटिंगेन यांचे स्पष्टीकरण आहे. ‘मला जमेल’ हा विश्वास मात्र त्यांच्या अभ्यासात फायद्याचाच ठरला.

म्हणून चांगले प्रशिक्षक खेळाडूला प्रक्रिया पाहायला लावतात, आणि तीही अडथळ्यांसकट. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला लहान वयापासून रोज मनातली ‘व्हिडिओ टेप’ लावायला सांगत. त्या टेपमध्ये सगळे सुरळीत पार पडणाऱ्या शर्यतींबरोबर बिघडलेल्या शर्यतीही असत. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत फेल्प्सच्या गॉगलमध्ये पाणी शिरले. शेवटी त्याला भिंतही दिसेना. तो हात मोजत पोहला आणि एक मिनिट ५२.०३ सेकंदांत, विश्वविक्रमासह, सुवर्ण जिंकला. अडथळा पाहणे म्हणजे चूक घोटत बसणे नव्हे. १९८५ मधल्या एका प्रयोगात गोल्फचा चेंडू भोकाच्या बाजूने निसटल्याचे चित्र मनात आणणाऱ्यांची कामगिरी घसरली होती. अडचण पाहिली की तिच्यावरचे आपले उत्तरही त्याच दृश्यात पाहायचे असते.

ब्रिटनच्या पॉल होम्स आणि डेव्ह कॉलिन्स यांनी २००१ मध्ये या सगळ्याची शिस्तशीर मांडणी केली. मानसिक सराव शक्य तितका खऱ्या कामासारखा हवा. बॅट हातात घ्यावी, शक्य असेल तर मैदानावर उभे राहावे, हालचाल तिच्या खऱ्या वेगाने चालू द्यावी, पोटातला गोळाही जाणवू द्यावा. खुर्चीत रेलून दुसऱ्याचा सामना पाहावा तसे स्वतःला पाहण्यापेक्षा हाताला बॅटचे वजन आणि पायाला जमीन जाणवली, तर उपयोग अधिक.

सचिन तेंडुलकरने २०२१ मध्ये एका संवादात सांगितले होते, की मैदानात उतरण्याच्या कितीतरी आधी त्याच्या डोक्यात सामना सुरू झालेला असे. कारकिर्दीतली दहा-बारा वर्षे सामन्याआधीच्या रात्री त्याला झोप लागत नसे. हा आपल्या तयारीचाच भाग आहे, हे उमगल्यावर त्याने त्या अस्वस्थतेशी भांडणे सोडले. त्या वेळात तो शॅडो बॅटिंग करी, कपड्यांना इस्त्री करी, चहा करी. चेंडू नसताना बॅट फिरवणारा प्रत्येक फलंदाज समोरचा गोलंदाज मनात उभा करतच असतो.

खेळाबाहेर हे तंत्र तिथे रुजले आहे जिथे चूक महागात पडते. अमेरिकी नौदलाच्या ‘ब्लू एंजल्स’ या हवाई कसरती करणाऱ्या तुकडीचे वैमानिक उड्डाणाआधी टेबलाभोवती बसतात. म्होरक्या हवेत देणार तेच आदेश त्याच लयीत बोलतो आणि बाकीचे डोळे मिटून, हातात दांडी असल्यासारखे, आपापले विमान चालवतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सोनल अरोरा आणि सहकाऱ्यांनी २० नवशिक्या सर्जनांना आभासी यंत्रावर दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया पाच वेळा करायला दिली. निम्म्यांनी दर वेळी आधी अर्धा तास ती मनात पायरी-पायरीने केली, उरलेल्यांनी तो वेळ दुसऱ्याच गोष्टीत घालवला. मनात आधी करून आलेल्यांचे काम सरस ठरले.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. १९९४ मध्ये जेम्स ड्रिस्केल आणि सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र तपासले. मानसिक सरावाचा फायदा खरा आहे, पण प्रत्यक्ष सरावापेक्षा कमी; बुद्धी जास्त लागणाऱ्या कामांत तो अधिक दिसतो, दिवस गेले की विरतो, आणि सत्र वीसेक मिनिटांपेक्षा लांबवून फारसे काही हाती लागत नाही, असे त्यांनी नोंदवले. ज्याने कधी पोहूनच पाहिले नाही त्याच्या मनातली शर्यत चुकीच्या हालचालींनी भरलेली असण्याची शक्यता जास्त. शिवाय काही लोकांच्या मनात चित्र उमटतच नाही. ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव दिले. पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचे सहसंस्थापक एड कॅटमल त्यांपैकीच एक.

ज्यांना हालचाल करून सराव करताच येत नाही, त्यांच्यासाठी या संशोधनाचे मोल सर्वांत मोठे आहे. पक्षाघातानंतर लुळ्या पडलेल्या हातासाठी झालेल्या २५ अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला. नेहमीच्या उपचारांना मानसिक सरावाची जोड दिल्यास हाताने कामे करण्याची क्षमता सुधारते, असा बऱ्यापैकी भक्कम पुरावा त्यात मिळाला. रुग्णाने मनात करायच्या गोष्टी रोजच्याच असतात. पेला उचलणे, पान उलटणे, कपाट उघडणे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, व्यायामाच्या वेळेतली थोडी मिनिटे आणि हालचालीचा क्रम नीट समजावून सांगणारा फिजिओथेरपिस्ट लागतो. घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या भेटीत फिजिओथेरपिस्टकडे याची चौकशी जरूर करावी.