कामाचा पोशाख : कापड, कारागीर आणि कामगार

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या तीन मूलभूत गरजा आपण शाळेपासून पाठ करीत आलो. पैकी वस्त्राचा विचार आपण लग्नसराईत किंवा सणासुदीला करतो. परंतु माणूस आयुष्यातील सर्वात जास्त जागे तास ज्या कपड्यांत काढतो ते कपडे म्हणजे कामाचे कपडे. पोस्टमन, परिचारिका, एस.टी.चा वाहक, कारखान्यातील फिटर, इमारतीचा वॉचमन, सफाई कामगार या सर्वांचा पोशाख कोणीतरी ठरवतो, कोणीतरी विणतो, कोणीतरी शिवतो आणि त्याचे पैसे कोणीतरी भरतो. या चार 'कोणीतरीं'ची ओळख करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आपल्या समाजातील अनेक घरे या उद्योगाशी एका ना एका बाजूने जोडलेली आहेत, म्हणून हा विषय स्मरणिकेत अस्थानी ठरू नये.

प्रथम तीन शब्दांतील फरक लक्षात घ्यावा. गणवेश हा ओळखीसाठी असतो. तो पाहून हा माणूस कोणत्या खात्याचा, कोणत्या पदाचा हे कळते. कामाचा पोशाख सोयीसाठी असतो. तो मळतो, घासला जातो, पण अंगचे कपडे वाचवतो. संरक्षक पोशाख जिवासाठी असतो. हातमोजे, हेल्मेट, गमबूट, चमकणाऱ्या पट्ट्यांचे जॅकेट ही त्याची उदाहरणे. व्यवहारात हे तिन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात आणि घोटाळा तेथेच होतो. अंगावर कंपनीचे नाव छापलेला शर्ट चढवला म्हणजे कामगार सुरक्षित झाला असे मालक समजतो, आणि पुष्कळदा कामगारही समजतो.

डोंगरी, खाकी आणि तांब्याचे खिळे

या पोशाखाच्या इतिहासात आपल्या मुंबईचा वाटा आहे. मुंबई बंदराजवळच्या डोंगरी भागात विकले जाणारे जाडेभरडे सुती कापड 'डुंगरी' या नावाने इंग्रज व्यापाऱ्यांना सतराव्या शतकापासून माहीत होते. खलाशी त्याचे कपडे करीत. त्याच शब्दाचे पुढे इंग्रजीत 'डंगरी' झाले आणि तो यंत्रकामगाराच्या पोशाखाचा शब्द बनला. आज गिऱ्हाईक दुकानात लहान मुलासाठी हौसेने डंगरी मागते, तेव्हा ते नकळत मुंबईच्या एका जुन्या वस्तीचे नाव घेत असते.

खाकीची कथाही याच उपखंडातली. 'खाक' म्हणजे धूळ. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीसाठी हॅरी लम्सडेन या अधिकाऱ्याने हा मातकट रंग स्वीकारला. लाल डगला दुरून दिसतो, धुळीचा रंग दिसत नाही, हे त्यामागचे कारण. सैन्यातून तो पोलिसांत, पोलिसांतून टपाल, वाहतूक व नगरपालिका खात्यांत गेला.

तिसरे उदाहरण अमेरिकेतले. नेवाडा राज्यातील रेनो गावचा शिंपी जेकब डेव्हिस याच्या लक्षात आले की मजुरांच्या पँटी खिशाच्या कोपऱ्यावर फाटतात. त्याने त्या जागी तांब्याचे रिव्हेट ठोकले. पेटंटचा खर्च एकट्याला झेपेना म्हणून त्याने आपला कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याला भागीदार केले आणि २० मे १८७३ रोजी पेटंट मिळाले. आजची जीन्स ही अशा रीतीने मजुराची पँट आहे. विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे की हा शोध प्रयोगशाळेत लागला नाही. कपडा नेमका कोठे फाटतो हे पाहणाऱ्या शिंप्याने तो लावला.

पोशाख आणि पायरी

आपल्या देशात वस्त्र केवळ अंग झाकण्यासाठी नव्हते, पायरी दाखवण्यासाठीही होते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. म्हणजे गणवेशच तो, परंतु अपमानाचा. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माताभगिनींना जातीची खूण सांगणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसे दागिने टाकून देण्यास सांगितले. वस्त्रामधली राजकीय बाजू त्यांनी ओळखली होती.

कापडाच्या धंद्यातही हीच पायरी होती. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, त्यामुळे विटाळ होतो, असे कारण पुढे केले जाई. विणाई खात्यात मजुरी जास्त होती हे येथे विसरू नये. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे ठामपणे मांडला. सारांश, कोणी काय घालावे आणि कोणी काय विणावे, हे दोन्ही प्रश्न न्यायाचे आहेत.

कापडाची निवड

आता कापडाकडे वळू. कामाच्या कपड्यासाठी बहुधा 'ट्विल' किंवा 'ड्रिल' विणीचे कापड घेतात. त्यावर तिरप्या रेषा दिसतात आणि ते साध्या विणीपेक्षा जाड व टिकाऊ बनवता येते. जाडी 'जी.एस.एम.'मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, अशी मोजतात. सूत घाम शोषते पण लवकर विरते व चुरगळते. पॉलिएस्टर टिकते, लवकर वाळते, पण उकडते. म्हणून दोहोंचे मिश्रण, ज्याला आपण टेरिकॉट म्हणतो, गणवेशात सर्वत्र चालते.

परंतु एक गोष्ट प्रत्येक कामगाराने जाणून घ्यावी. पॉलिएस्टर सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. म्हणून वेल्डिंग, भट्टी किंवा स्वयंपाकघर येथे टेरिकॉट घालणे धोक्याचे आहे. तेथे जाड सुती किंवा खास अग्निरोधक कापडच हवे. कापड ओळखण्याची साधी रीत अशी : एक धागा ओढून काढावा, चिमट्यात धरून वाटीवर जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर आक्रसते आणि त्याची कडक गोळी बनते. कापड आटते का हे पाहायचे असेल तर त्यावर ५० सेंटिमीटरची खूण करावी, धुऊन वाळवावे व पुन्हा मोजावे. ४८ भरले तर ४ टक्के आटले. रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून कळते. या परीक्षांना पैसे पडत नाहीत, परंतु हजारो रुपयांचे नुकसान टळते.

सोलापूरचा धंदा

गणवेशाच्या शिलाईचे महाराष्ट्रातील मोठे केंद्र सोलापूर होय. १८७७ साली सुरू झालेली तेथील जुनी गिरणी, नंतरच्या गिरण्या, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर समाज, चादर व टॉवेल यांमुळे हे शहर कापडाचे म्हणूनच वाढले. गिरण्या बंद पडल्या, पण हातातली कला राहिली. पुढे तयार कपड्यांचे छोटे कारखाने उभे राहिले आणि शाळा, रुग्णालये, कंपन्या यांच्या गणवेशांत त्यांनी नाव मिळवले. सोलापूर रेडिमेड कापड उत्पादक संघाने जानेवारी २०१७ मध्ये केवळ गणवेशांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरवले. गणवेशाचे कापड राजस्थानातील भिलवाडा, तसेच भिवंडी व इचलकरंजी अशा केंद्रांतून बाजारात येते.

कारखान्यातील काम असे चालते. कटिंग मास्तर मापांप्रमाणे पुठ्ठ्याचे फर्मे तयार करतो. लांब टेबलावर कापडाचे थर एकावर एक लावले जातात, वरच्या थरावर फर्मे मांडून आखणी होते आणि विजेच्या उभ्या पात्याने सर्व थर एकदम कापले जातात. फर्मे जितके दाटीने बसतील तितके कापड वाचते. एका शर्टमागे ५ सेंटिमीटर कापड वाचले तर हजार शर्टांत ५० मीटर वाचते, आणि मोठ्या ऑर्डरीत नफा बहुधा एवढाच असतो. त्यानंतर गठ्ठे बांधून कॉलर, कफ, बाही, खिसा असे भाग वेगवेगळ्या कारागिरांकडे जातात. मग जोडणी, ओव्हरलॉक, काज-बटण, धागे कापणे, तपासणी, इस्त्री आणि पॅकिंग.

या साखळीत शिलाईची मजुरी बहुतेक ठिकाणी नगावर मिळते. जितके नग तितके पैसे. ऑर्डर असेल तेव्हा रात्र जागून काम आणि नसेल तेव्हा हात रिकामे. शाळांचे काम उन्हाळ्यात दाटते, पावसाळ्यानंतर मंदावते. काज-बटण व धागे कापण्याचे काम स्त्रिया घरी नेऊन करतात, तेव्हा वीज, दिवा, जागा आणि डोळे सर्व त्यांचेच असतात. दुसऱ्याला पोशाख शिवून देणाऱ्या या बाईच्या नावाची नोंद मात्र हजेरीपटावर नसते.

पैसे कोण भरतो?

कायद्याने हा विषय पूर्वीच हाताळला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २२ मध्ये चालू यंत्राजवळ तेलपाणी करणाऱ्या कामगाराचे कपडे घट्ट बसणारे असावेत आणि ते मालकाने पुरवावेत असे लिहिलेले होते. सैल बाही किंवा पदर पट्ट्यात अडकला की हात जातो, हे त्यामागील कारण. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षितता विषयक संहितेत मालकाने सुरक्षितता व आरोग्यासाठी जे काही केले किंवा पुरवले त्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत अशी तरतूद आहे. हेल्मेट, बूट, हातमोजे यांचे पैसे पगारातून कापले जात असतील तर कामगाराने विचारणा करणे हा त्याचा हक्क आहे.

बँकेच्या काउंटरवर बसून एक गोष्ट माझ्या नेहमी पाहण्यात येते. ठेकेदाराकडे वॉचमन म्हणून लागलेला तरुण पासबुक भरून घेतो आणि पहिल्या पगाराची रक्कम कमी का, म्हणून आम्हालाच विचारतो. चौकशीअंती कळते की गणवेश, टोपी, बूट यांचे पैसे कापले आहेत. आणि दोन महिन्यांनी नोकरी सुटली की तो गणवेश परत द्यावा लागतो. आमच्याकडील कायम शिपायाला मात्र गणवेशही मिळतो आणि तो धुण्याचा भत्ताही. दोघांच्या अंगावरील कापड जवळपास सारखेच असते. फरक आहे तो कायमपणाचा आणि संघटनेचा.

सर्वात कठोर उदाहरण गटारात उतरणाऱ्या कामगाराचे. २०१३ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी मुखवटा, सुरक्षापट्टा, गमबूट, हातमोजे अशा साधनांची लांब यादी दिली आणि त्यांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूस १० लाख रुपये भरपाई ठरवली होती. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख केली. तरीही माणसे चड्डी-बनियनवर उतरवली जातात. याचा अर्थ पोशाख बाजारात नाही असा नव्हे. तो विकत घेण्याइतकी किंमत त्या जिवाला दिली जात नाही, असा आहे.

आपल्या तरुणांसाठी

या उद्योगात नोकरीप्रमाणेच मालकीलाही वाव आहे. केंद्र सरकारची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावा असे धोरण आहे. त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी राखलेले आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलतींचा मार्ग मोकळा झाला, हे आपण जाणतोच. भागीदारी असल्यास किमान ५१ टक्के हिस्सा या प्रवर्गाचा असावा लागतो.

पायऱ्या थोडक्यात अशा : प्रथम शिलाई व कटिंगचे रीतसर शिक्षण घ्यावे आणि एखाद्या कारखान्यात किमान एक वर्ष काम करावे. मग उद्यम नोंदणी करावी, जातीचा दाखला तयार ठेवावा व 'जेम' या सरकारी खरेदी व्यवस्थेत नाव नोंदवावे. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकांना निविदेची अनामत रक्कम माफ असते. भांडवलासाठी मुद्रा कर्ज आणि १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ यांची चौकशी करावी.

बँकेतील अनुभवावरून एक इशारा देतो. हा धंदा बहुधा तोट्याने बुडत नाही, उधारीने बुडतो. कापड रोखीने घ्यावे लागते, कारागिराला आठवड्याला द्यावे लागते आणि गिऱ्हाईक मात्र महिनोन् महिने बिल अडवते. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे आणि उशिरावर व्याज लागते. म्हणून प्रत्येक मालाची पोच सही-शिक्क्यानिशी घ्यावी, बिलावर उद्यम क्रमांक छापावा आणि पहिली ऑर्डर झेपेल एवढीच घ्यावी.

आणि मालक झालात तर आपल्या कारागिरास, विशेषतः घरी काम नेणाऱ्या भगिनीस, नगाचा दर लेखी द्या. ज्यांच्या वाडवडिलांनी काय ल्यावे हे दुसऱ्यांनी ठरवले, त्यांच्या कारखान्यात तरी शिवणाऱ्याचा हिशेब चोख असावा. पोशाखाने माणसाला मान मिळतो असे म्हणतात. तो मान घालणाऱ्याइतकाच शिवणाऱ्यालाही मिळाला पाहिजे.