कुजणाऱ्या पिशवीची वाटचाल

२००५च्या पावसाळ्यात इकडे कृष्णेनं सांगलीतली घरं बुडवली. तिकडे मुंबईची गटारं तुंबल्याचा ठपका प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला आणि वर्षभरात राज्यानं ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. तेव्हा पर्याय म्हणून नाव निघायचं ते कापडी पिशवीचं.

खरी उलथापालथ झाली २०१८ साली. २३ मार्चला राज्याच्या प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंडाची पावती फाडणं सुरू झालं: पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांची कैद. रोपवाटिका, शेती आणि घनकचरा हाताळणीसाठीच्या कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, पिशव्यांना तेवढी सूट होती. बाजारात मात्र त्याचा अर्थ ‘कुजणारी पिशवी चालते’ एवढाच झाला. दुधाळ रंगाची, हाताला मऊ पिशवी दिसली की भाजीवाला निर्धास्त आणि गिऱ्हाईकही. ‘नॉन-वोवन’ पिशवी तर कापडी म्हणूनच खपली. ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते आणि बंदीच्या यादीत तिचं नाव स्पष्ट होतं.

लोकांनी कुजणाऱ्या पिशवीचा पर्याय चटकन स्वीकारला, यात नवल नाही. घरून पिशवी न्यायची सवय कधीच मोडली होती. ती पुन्हा लावून घेण्याची गरज या नव्या पिशवीनं ठेवली नाही.

पण कुजायचं कुठे आणि कसं, हे त्या स्वीकारात कुठेच नव्हतं. आयएस/आयएसओ १७०८८ या मानकाची कसोटी लागते ती कंपोस्टच्या ढिगात, सुमारे ५८ अंश सेल्सिअसला. १८० दिवसांत ९० टक्के विघटन व्हावं लागतं. कृष्णाकाठच्या गाळात किंवा कास पठाराच्या कातळावर एवढी ऊब कुठून येणार? उसाच्या किंवा मक्याच्या साखरेपासून पीएलए हे जैवप्लास्टिक बनतं हे खरं, पण कंपोस्टेबल पिशव्यांत सर्रास वापरला जाणारा पीबीएटी हा घटक मुख्यतः खनिज तेलातून येतो. म्हणून पिशवी उलटून बघायलाच हवी: उत्पादकाचं नाव, ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक. हे नसेल, तर ती साधी प्लास्टिकची पिशवी समजावी.

इटलीनं २०११मध्ये साध्या पातळ पिशव्या बंद करून कंपोस्टेबल पिशव्या आणल्या. पुढे मिलानमध्ये घराघरांतला ओला कचरा याच पिशव्यांतून गोळा होऊ लागला. पिशवीला जायला ठिकाण होतं. आपल्याकडे त्या वाटेच्या सर्वांत जवळ कोण असेल, तर कराड आणि विटा. लाखाच्या आतल्या शहरांत स्वच्छ सर्वेक्षणात कराड २०२०मध्ये, तर विटा २०२१मध्ये देशात पहिलं आलं. ओला-सुका वेगळा करण्याची शिस्त जिथे रुजते, तिथेच अशा पिशवीचं खत होऊ शकतं.

१ जुलै २०२२ला केंद्राची एकल वापराच्या प्लास्टिकवर बंदी आली. तिच्यातही कंपोस्टेबल प्लास्टिकला मोकळीक राहिली. ऑक्टोबर २०२४मध्ये प्राज इंडस्ट्रीजनं जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यासाठी ही बातमी दूरची नाही. कच्चा माल दाराशी आहे. मात्र इथली साखर आजही बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनच्या पोत्यांतून बाहेर पडते आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षं पारदर्शक प्लास्टिकच्या पनेटमधून.