डाखकामातील आधार व मांडणी : एक शास्त्रीय विवेचन

दागिन्याच्या मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू, म्हणजेच डाख, सांध्यात उतरवून दोन भाग जोडणे ही सुवर्णकारीतील मूलभूत क्रिया होय. तिचे शिक्षण देताना ज्योत, डाख व टाकणखार यांवर भर दिला जातो. तापवण्यापूर्वी भाग कशाच्या आधाराने व कोणत्या स्थितीत ठेवावेत, हा प्रश्न मात्र बहुधा अनुभवावर सोडला जातो. वस्तुतः अनेक सदोष सांध्यांचे मूळ याच टप्प्यात असते. सांधा फसला की दागिना पुन्हा तापवावा लागतो. दर वेळी डाखातील जस्ताचा काही अंश उडून जातो, उरलेला डाख अधिक तापमानाला वितळतो व सच्छिद्र बनतो. धातूची घट आणि वाया गेलेले श्रम यांचा भार अखेर कारागिरावरच पडतो.

डाख रुंद पोकळी भरत नाही. तो केशाकर्षणाने अरुंद फटीत ओढला जातो. म्हणून कडा कानशीने इतक्या जुळवाव्या लागतात की उजेडासमोर धरल्यास सांध्यातून प्रकाश दिसू नये. शिवाय वितळलेला डाख अधिक तप्त भागाकडे वाहतो. आधाराचे महत्त्व येथे स्पष्ट होते, कारण दागिन्याला टेकलेली प्रत्येक वस्तू त्याची थोडी उष्णता शोषून घेते. चांदी ही सर्वाधिक उष्णतावाहक धातू असल्याने केवळ सांध्यावर ज्योत रोखून तिच्या बाबतीत भागत नाही; संपूर्ण वस्तू तापवावी लागते.

कर्णफुलाच्या जाड चकतीवर बारीक दांडी उभी करण्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दांडी क्षणात तापते, चकती मागे राहते आणि डाख दांडीवर चढून बसतो. चकती कोळशावर ठेवून ज्योत तिच्याभोवती फिरवणे व दांडी आपोआप मिटून राहणाऱ्या चिमट्यात सांध्यापासून दूर धरणे, हा त्यावरील उपाय होय. एरवी दोष मानले जाणारे चिमट्याचे उष्णताशोषण येथे उपकारकच ठरते. चिमटा हातात न धरता ठोकळ्यावर टेकवावा. हाताचा सूक्ष्म कंपही डाख गोठताना सांधा हलवतो.

कोळशाचे आसन आजही उत्तम मानावे लागेल. तो उष्णता परावर्तित करतो, ज्योतीभोवतीचा प्राणवायू काही प्रमाणात कमी करतो आणि मऊ असल्याने त्यात दागिन्याच्या आकाराची खोबण कोरता येते किंवा टाचण्या रोवता येतात. अनेक सुटे भाग एकाच वेळी जोडायचे असल्यास ते मऊ मेणमातीत मांडून वर प्लास्टर ओततात; प्लास्टर घट्ट झाल्यावर माती काढून उघडी पडलेली बाजू स्वच्छ करतात व डाखतात. मात्र प्लास्टर पूर्ण वाळलेले नसेल तर आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटते.

लोखंडी तारेने बांधण्याच्या पद्धतीत भौतिकशास्त्राचा एक नियम दडलेला आहे. दर अंश सेल्सिअसला चांदी आपल्या लांबीच्या सुमारे 19 दशलक्षांश, तर लोखंड सुमारे 12 दशलक्षांश प्रसरण पावते. त्यामुळे ताणून बांधलेली तार तापल्यावर मऊ झालेल्या चांदीत रुतते. जाणता कारागीर तारेत मध्येच एखादी वळी ठेवतो. प्रसरणाचा ताण ती वळी सामावून घेते. जस्ताचा लेप असलेली तार वर्ज्य होय, कारण जस्त चांदी-सोन्यात शिरते. दागिना आम्लात टाकण्यापूर्वी तार सोडवणेही आवश्यक आहे. लोखंडाच्या सान्निध्यात आम्लात विरघळलेले तांबे चांदीवर बसून ती लालसर होते.

पोकळ मण्यांच्या बाबतीत केवळ स्थिती साधून पुरत नाही. खोलीच्या तापमानाची हवा 750 अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यास तिचे आकारमान सुमारे साडेतीन पट होऊ पाहते. तिला वाट नसेल तर सांधा उसवतो, क्वचित मणी फुटतो. म्हणून बारीक छिद्र राखावे लागते. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरायची ती डाखकाम संपल्यानंतरच.

आसन म्हणून पूर्वी ॲस्बेस्टॉसचे पत्रे सर्रास वापरले जात. ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झाले आहे आणि वारंवार तापून ठिसूळ झालेल्या पत्र्यातून तंतू सुटतात. त्याऐवजी भट्टीची हलकी वीट, सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा किंवा कोळसा वापरता येतो. महाविद्यालयीन कार्यशाळेत असे जुने तुकडे शिल्लक असल्यास ते कोरडे घासू, फोडू वा झाडू नयेत. पाण्याने ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बंद करावेत व घातक कचरा म्हणून वेगळे सोपवावेत.