पोटातले पाहुणे (लेखांक ६) : जंताचे स्नायू हलवतो कोण?

शेळीला लेवामिसोल पाजलं की पोटातले बरेचसे गोल जंत पडतात. तरी लेंड्यांत भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे दिसत राहिले, की पशुपालक औषधाला नावं ठेवतो. ते तुकडे बहुधा मोनिझिया या पट्टकृमीचे असतात, आणि त्याच्यावर लेवामिसोलची मात्रा चालत नाही.

आधी गोल जंत पाहू. आपल्या शरीरात चेता स्नायूपर्यंत जाते. माणसाच्या आतड्यातल्या वीतभर अ‍ॅस्करिसमध्ये मात्र स्नायूपेशीच आपला एक हात लांबवून चेतारज्जूपर्यंत पोचते! तिथे चेतापेशी अ‍ॅसिटिलकोलीन सोडते, पेशीवरचे रिसेप्टर उघडतात, सोडियम-कॅल्शियम आत शिरतं आणि स्नायू आखडतो. त्याच वेळी समोरच्या बाजूला गाबा हे रसायन स्नायू सैल सोडतं. पाठ आखडली की पोट सैल, पोट आखडलं की पाठ सैल. अशा लाटेवर जंत पुढे सरकतो.

लेवामिसोल आणि पायरँटेल अ‍ॅसिटिलकोलीनची नक्कल करतात, पण त्याच्यासारखी झटपट मोडली जात नाहीत. स्नायू आखडतो तो आखडलेलाच राहतो आणि ताठरलेला जंत शौचावाटे बाहेर पडतो. जुनं पायपरेझीन उलट गाबाच्या वाटेने जाऊन जंताला लुळा पाडतं. १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत चघळायला देतात त्या अल्बेंडाझोलचा या कशाशीच संबंध नाही. ते जंताच्या पेशींचा सांगाडा मोडतं.

आता पट्टकृमी. या बाबतीत आपलं औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) नशीबवान. मराठवाडा विद्यापीठातल्या शिंदे आणि जाधव या प्राणिशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये वाम माशाच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीचं नाव ठेवलं सेंगा औरंगाबादेन्सिस. पुढच्याच वर्षी सेंगा पैठणेन्सिसचीही नोंद झाली. अशी ओळख पटते ती रंगवून काचपट्टीवर चढवलेल्या नमुन्यावरून. तो कृमी जिवंतपणी वळवळायचा कसा, हे काचपट्टी सांगत नाही.

पट्टकृमींसारख्या बहुतेक चपट्या कृमींत अ‍ॅसिटिलकोलीन स्नायू आखडत नाही, सैल करतं. चेतवण्याचं काम सिरोटोनिनकडे. आणि सिरोटोनिनची त्यांना ददात नसते, कारण आपल्या शरीरातलं जवळपास नव्वद टक्के सिरोटोनिन आतड्यातच असतं. उंदरांच्या आतड्यात राहणारा हायमेनोलेपिस डिमिन्यूटा तर यजमानाचं सिरोटोनिन सरळ शोषून घेतो. खाणं फुकट, वर हालचालीचं रसायनही फुकट.

प्राझिक्वान्टेल हे औषध या दोन्ही रसायनांना वळसा घालतं. त्याच्यामुळे कृमीच्या पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, अख्खा कृमी आवळला जातो आणि त्याच्या अंगावरचं आवरण फाटू लागतं. १९७० च्या दशकापासून हे औषध वापरात येत गेलं. पण ते नेमकी कोणती वाहिनी उघडतं, हे शिस्टोसोमा या रक्तकृमीत सापडायला २०१९ साल उजाडलं.

पुढच्या आठवड्यात, लेवामिसोललाही दाद न देणारे गोल जंत.