मॅनचे पान कोठून येते?

युनिक्स किंवा लिनक्स ह्या संगणकप्रणालींवर काम करू लागणाऱ्याने सर्वांत आधी कोणती आज्ञा शिकावी असे कोणी विचारले, तर आम्ही ‘मॅन’ ही आज्ञा सुचवतो. मॅन म्हणजे इथे माणूस नव्हे. मॅन्युअल, म्हणजे माहितीपुस्तिका, ह्या इंग्रजी शब्दाची ती पहिली तीन अक्षरे आहेत. ‘मॅन एलएस’ असे टाइप केले की फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ ह्या आज्ञेची सविस्तर माहिती पडद्यावर येते. (ह्या आज्ञा संगणकावर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या असतात. येथे त्या देवनागरीत, उच्चारानुसार दिल्या आहेत.)

आता इंटरनेटवर सगळेच मिळते, मग ह्या पानांची गरज काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर सोपे आहे. इंटरनेटवर सापडलेली माहिती प्रोग्रामच्या कोणत्या आवृत्तीची आहे हे पुष्कळदा कळत नाही. मॅनचे पान मात्र आपल्याच संगणकावर, बहुधा त्या प्रोग्रामबरोबरच येऊन बसलेले असते. म्हणून ते भरवशाचे. पण हा भरवसा एका अटीवर अवलंबून आहे. पडद्यावर आलेले पान आपण चालवतो आहोत त्याच प्रोग्रामचे असले पाहिजे. तसे नसेल तर काय होते, आणि तसे असावे म्हणून काय करायचे, हे ह्या लेखात पाहू.

युनिक्सच्या माहितीपुस्तिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजीची आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ह्यांनी ती तयार केली. तिचे सात विभाग होते. पहिल्यात आज्ञा, दुसऱ्यात प्रणालीला करायच्या विनंत्या, पाचव्यात फाइलींची मांडणी, अशी ती वाटणी पुढे आठ विभागांची झाली आणि थोड्याफार फरकाने आजही टिकून आहे. म्हणूनच ‘मॅन पासडब्ल्यूडी’ म्हटले की सांकेतिक शब्द बदलण्याच्या आज्ञेचे पान येते, आणि मध्ये ५ हा आकडा घातला की त्याच नावाच्या फाइलीची रचना सांगणारे पान येते. त्या पहिल्या आवृत्तीतही पानाच्या शेवटी ‘उणिवा’ असा मथळा असे आणि प्रोग्राममधील दोष तेथे नोंदलेले असत. आपल्या मालातील खोट आपल्याच माहितीपत्रकात छापणारा कारखानदार आम्ही तरी दुसरा पाहिलेला नाही.

पूर्वी ही पुस्तिका कागदावर छापून टेबलावर ठेवलेली असे, त्यामुळे ती कोठे शोधायची हा प्रश्नच नव्हता. पाने संगणकात गेली आणि हा प्रश्न आला.

शाळेच्या ग्रंथालयाची कल्पना करा. पाच कपाटे आहेत आणि ग्रंथपालाजवळ एक चिठ्ठी आहे. आधी दुसरे कपाट, मग चौथे, मग पहिले, असा शोधण्याचा क्रम तिच्यावर लिहिला आहे. आपण ‘सातवीचे विज्ञान’ मागितले की तो त्याच क्रमाने जातो आणि पहिली प्रत सापडताच थांबतो. अभ्यासक्रम बदललेला असेल आणि नवी पुस्तके पाचव्या कपाटात असतील, तर आपल्या हाती जुने पुस्तक येईल. ग्रंथपालाची चूक नाही. त्याची चिठ्ठीच तशी आहे.

संगणकाजवळ अशा दोन चिठ्ठ्या असतात, आणि इथेच खरी गोम आहे. प्रोग्राम कोठे शोधायचे हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे ‘पाथ’ हे चल. पाने कोठे शोधायची हे सांगणारी चिठ्ठी म्हणजे ‘मॅनपाथ’. दोन्हींत डिरेक्टरींची नावे एका ओळीत, मध्ये अपूर्णविराम देऊन लिहिलेली असतात. एक चिठ्ठी बदलून दुसरी तशीच राहिली, की प्रोग्राम एका कपाटातून येतो आणि पान दुसऱ्या कपाटातून.

‘सेड’ ही मजकुरात फेरबदल करणारी आज्ञा घेऊ. तिचे दोन प्रसिद्ध अवतार आहेत. ॲपलच्या मॅक संगणकांवर बीएसडी परंपरेतील सेड असते, तर लिनक्सवर बहुधा जीएनयू प्रकल्पातील. मूळ फाइलीतच बदल करायचा असेल तर दोहोंमध्ये ‘-आय’ हा पर्याय देतात. बीएसडीच्या सेडला त्यानंतर जुन्या प्रतीच्या नावाला जोडायचा प्रत्यय द्यावाच लागतो. जुनी प्रत नको असेल तर एक जागा सोडून दोन अवतरणचिन्हे लागोपाठ लिहून रिकामा प्रत्यय देतात. जीएनयूच्या सेडमध्ये प्रत्यय ऐच्छिक आहे, आणि द्यायचा तर ‘-आय’ला चिकटूनच लिहावा लागतो.

आता समजा, मॅकवर कोणी जीएनयूची सेड वेगळ्या डिरेक्टरीत बसवली आणि ती डिरेक्टरी पाथमध्ये सर्वांत पुढे ठेवली. पण मॅनपाथ पूर्वीच हाताने लिहून ठेवलेला असल्याने तो जुनाच राहिला. ‘मॅन सेड’ म्हटल्यावर बीएसडीचे पान येईल. विद्यार्थी ते नीट वाचून रिकाम्या प्रत्ययासह आज्ञा देईल. जीएनयूची सेड त्या रिकाम्या अवतरणालाच करायचे काम समजेल, म्हणजे काहीच न करणे. फेरबदलाची खरी सूचना तिला फाइलीचे नाव वाटेल, आणि अशी फाइल नाही अशी तक्रार ती करील. मजकूर तसाच राहील. पानात लिहिल्याबरहुकूम केले तरी जमले नाही, म्हटल्यावर विद्यार्थ्याचा पहिला संशय स्वतःवर जातो. पान वाचणेच सोडून देणारे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत, आणि ह्या गोंधळाचा खरा तोटा तो आहे.

अशा वेळी दोन प्रश्न विचारायचे. ‘टाइप -ए सेड’ ही आज्ञा बॅश ह्या शेलमध्ये, सेड नावाचे प्रोग्राम कोठेकोठे आहेत ते पाथच्या क्रमाने दाखवते. चालतो तो पहिला. ‘मॅन -डब्ल्यू सेड’ पान न दाखवता त्या पानाची फाइल कोठे आहे एवढेच सांगते. दोन्ही उत्तरे एकाच घराण्यातील डिरेक्टरींची असावीत. प्रोग्राम ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये आणि पान ‘/यूएसआर/शेअर/मॅन’मध्ये असे दिसले, तर संशय घ्यावा.

चिठ्ठी कशी लिहावी?

बहुतेक वेळा ती लिहूच नये, असे आमचे मत आहे. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ‘मॅन-डीबी’ ही व्यवस्था मॅनपाथ दिलेला नसेल तर पाथवरूनच पानांची यादी तयार करते. कोणत्या डिरेक्टरीसाठी पाने कोठे पाहायची ह्याच्या जोड्या एका फाइलीत दिलेल्या असतात. डेबियन आणि उबुंटूवर ती ‘/ईटीसी/मॅनपाथ.कॉन्फिग’, तर फेडोरावर ‘/ईटीसी/मॅन_डीबी.कॉन्फ’. डिरेक्टरी त्या फाइलीत नसेल तर मॅन तिच्या आसपास ‘मॅन’ किंवा ‘शेअर/मॅन’ नावाची डिरेक्टरी आहे का ते पाहते. म्हणजे पाथ बदलला की दुसरी चिठ्ठी आपोआप बदलते. तयार झालेली यादी पाहायची असेल तर नुसते ‘मॅनपाथ’ टाइप करावे.

तरी कधी पाने अगदी आडबाजूला असतात आणि मॅनपाथ हाताने लिहावा लागतो. तेथे एक खाचखळगा आहे. मॅनपाथमध्ये आपली एकच डिरेक्टरी लिहिली, तर संगणक तेवढीच पाहतो. नेहमीची सारी यादी बाजूला पडते आणि ‘मॅन एलएस’लासुद्धा पान नाही असे उत्तर येते. उपाय एका टिंबजोडीचा आहे. आपल्या डिरेक्टरीच्या नावानंतर शेवटी अपूर्णविराम द्यायचा. त्याचा अर्थ, ‘आधी हे कपाट, मग नेहमीची कपाटे’. अपूर्णविराम सुरुवातीला दिला तर आपले कपाट सर्वांत शेवटी पाहिले जाते. वरील सेडच्या उदाहरणात शेवटचा अपूर्णविराम हवा, नाहीतर बीएसडीचेच पान आधी सापडेल.

विषयावरून पान शोधणारी ‘मॅन -के’ ही आज्ञा मात्र वेगळ्या पद्धतीने चालते. ती आधी तयार केलेल्या सूचीत पाहते. नवीन ठेवलेले पान ‘मॅन’ला सापडते, पण ‘मॅन -के’ला सापडत नाही, असे झाले तर ‘मॅनडीबी’ चालवून सूची नवी करावी.

शोधाच्या ह्या व्यवस्थेत भाषेलाही जागा आहे, हे शिक्षकांच्या विशेष उपयोगाचे आहे. पानांच्या डिरेक्टरीत ‘एमआर’ ह्या नावाची, म्हणजे मराठीची, उपडिरेक्टरी असेल आणि संगणकाची भाषा मराठी ठेवलेली असेल, तर मॅन तेथले पान पसंत करते. ते नसेल तर इंग्रजी पान दाखवते. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही. आपल्या होम डिरेक्टरीतील ‘बिन’ पाथमध्ये असली, की तिच्या शेजारची ‘मॅन’ डिरेक्टरीही यादीत येते. तिच्यात ‘एमआर’, त्याच्या आत ‘मॅन१’ आणि त्यात ‘एलएस.१’ नावाची साधी मजकुराची फाइल ठेवायची. शीर्षकासाठी ‘.टीएच’ने सुरू होणारी एक ओळ आणि मथळ्यांसाठी ‘.एसएच’ने सुरू होणाऱ्या ओळी, एवढ्यावर पहिले पान होते. काही टर्मिनलांवर जोडाक्षरे आणि मात्रा वेड्यावाकड्या उमटतात, तेव्हा पाच ओळींचे पान आधी करून पाहावे. नववीच्या मुलांनी लिहिलेल्या पानात ‘उणिवा’ हा मथळाही असू द्यावा.