विमानाच्या सांध्यात मुरणारं पाणी

सेस्ना १७२सारख्या छोट्या विमानाचं आवरण म्हणजे अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, कडा एकमेकींवर चढवून रिव्हेटने जोडलेले. सांधा डोळ्यांना घट्ट दिसतो, पण पाण्याला केसाएवढी फटही पुरते. केशाकर्षणाने ते आत ओढलं जातं आणि उन्हातही लवकर सुकत नाही. पत्र्यांच्या अॅल्युमिनियम-मिश्रधातूत ताकदीसाठी सुमारे ४ टक्के तांबं असतं. गंजण्याचा धोका वाढतो तो त्यानेच. सांध्यात पांढरी भुकटी धरते, मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि दोन रिव्हेटांमधला पत्रा उशीसारखा फुगतो. तळहात फिरवला की कळतं.

खरा उपाय जोडणीच्या वेळचाच: दोन पत्र्यांमध्ये पॉलिसल्फाइडचं सीलंट भरणं. नंतर बाहेरून भरायचं तर सांधा आधी पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा, नाहीतर ओल आतच कोंडते. बेसिनच्या कडेला लावतात ते व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन इथे मुळीच नको. तो वास अॅसिटिक आम्लाचा, आणि ते आम्ल अॅल्युमिनियम खातं. शिवाय सिलिकॉनवर पुढे रंगही धरत नाही.

विमानाच्या पोटाखालची निचऱ्याची भोकं मात्र कधीही बुजवू नका. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला तीच वाट असते.